पाळण्यातले पाय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कुणी शाळेच्या आठवणी सांगितल्या, कुणी नातवंडांचं कौतुक. मला मात्र 'तुझ्या कामातलं काहीतरी सांग' असं संयोजकांनी बजावलं आहे. माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली, तेव्हा विषयही खुराड्यातलाच. आपल्यातले बरेच जण निवृत्त होऊन गावाकडे आले. कुणी पारनेरला, कुणी राहुरीला, कुणी अकोले तालुक्यात शेताच्या कडेला शेड टाकली. दोघा-तिघांनी तर कोंबड्यांबरोबर टर्कीही आणली. मग आठवड्याभरात फोन येतो, "अरे, पिल्लं लंगडायला लागली, कसला रोग आला?" माझ्या अनुभवात बहुतेक वेळा रोग नसतो. जमीन, ऊब, पाणी आणि खाद्य या चारांत कुठेतरी खोट असते.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. टर्कीच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. पहिल्या तीन आठवड्यांत पाय बिघडला, तर पुढे कितीही चारा, तो पक्षी नीट उभा राहत नाही. उभा राहिला नाही की खाद्यापर्यंत पोहोचत नाही, आणि बाजारापर्यंत तर नाहीच.

हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. 1612 मध्ये गोव्याहून आणलेली टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारात पोहोचली आणि मन्सूर या चित्रकाराने तिचं चित्र काढलं. म्हणजे मलिक अंबर आपल्या नगरच्या निजामशाहीसाठी मोगलांशी झुंजत होता, तो हा काळ. पक्षी इतका जुना पाहुणा, तरी आपण त्याला मोठी कोंबडी समजूनच वाढवतो. घोटाळा तिथेच होतो. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत उबतं, टर्कीचं 28 दिवसांत. पिल्लू अंगानं मोठं, पण अकलेनं जरा मंद. समोरचं पाणीसुद्धा त्याला दाखवावं लागतं.

आता जमीन. पिल्लं आली की आपण खाली वर्तमानपत्र अंथरतो. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, दोन्ही बाजूंना फाकतात आणि दोन-तीन दिवसांत तसेच राहतात. भाताचं तूस किंवा भुईमुगाच्या टरफलांचा चुरा दोन-तीन इंच पसरा. पहिले काही दिवस पिल्लं तूसच खातात असं दिसलं, तर वर गोणपाट किंवा खरखरीत कापड टाका. गादी ओली झाली की बदला. ओल्या गादीनं तळपाय सोलतात.

दुसरी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचं. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली ढीग केला तर थंडी, चोची उघडून लांब पळाली तर उकाडा, सगळीकडे पसरून चरत असतील तर ठीक. आपल्याकडच्या हिवाळी रात्री हा ढीग जिवावर बेततो. खालची पिल्लं चेंगरतात, वरची खायला उठत नाहीत.

तिसरं पाणी. टर्कीची लहान पिल्लं रोगानं मरतात त्याहून समोर दाणा असून उपाशी मरतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. भांड्यात रंगीत गोट्या टाका, चकाकीला ती चोच मारतात. दाण्यावर कोथिंबीर किंवा लसूणघास बारीक चिरून टाका. पहिले 15 दिवस लिटरभर पाण्यात 100 मिली दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं, ही आपल्याकडे सांगितली जाणारी जुनी पद्धत आहे. दूध घातलेलं पाणी मात्र दिवसभर ठेवू नका, आंबतं.

चौथं खाद्य, आणि माझ्या मते खरी मेख इथेच. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला सुमारे 28 टक्के प्रथिनं लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती 20 ते 22 टक्केच असतात. ड-3 जीवनसत्त्वही टर्कीला जास्त लागतं. ते कमी पडलं की मुडदूस होतो, हाडं मऊ पडतात, चोच रबरासारखी वाकते. मँगनीज, कोलीन, बायोटिन कमी पडलं की मागच्या पायाच्या सांध्यावरची शीर खोबणीतून सरकते आणि पाय वाकडा होतो. ती एकदा सरकली की औषधानं जागेवर येत नाही. बोटं आत वळली तर ब-2 जीवनसत्त्व कमी आहे असं समजा. नुसत्या मक्याच्या भरड्यावर ही पिल्लं वाढवू नका. सकाळचं कोवळं ऊन जरूर द्या, पण काचेतून आलेलं नाही. त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही.

पाय फाकलेलं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत सापडलं तर हातचं जाऊ देऊ नका. दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर आणून मऊ सुती पट्टीनं सैल बांधा आणि खरखरीत जमिनीवर ठेवा. बरीचशी काही दिवसांत चालू लागतात. सांधा गरम लागला, सुजला, पिल्लू मलूल झालं तर घरगुती उपाय थांबवा. तिथे जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. टर्की आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका. कोंबडी सहज पचवते तो ब्लॅकहेड रोग टर्कीला मारतो. आणि जन्मतः पायानं अधू असलेला पक्षी पैदाशीला ठेवू नका.

शेवटी एकच विनंती. पिल्लं आणायच्या आधी फोन करा, लंगडल्यावर नव्हे. गादी, दिवा, पाणी, खाद्य हे आदल्या दिवशी तयार हवं, पिल्लं दुसऱ्या दिवशी. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे, तिथेही विचारा. तुमची पुंजी कष्टाची आहे, आणि त्या मुक्या जिवाला पाय एकदाच मिळतात.