खोली मिळेल का?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)





मी विद्वान माणूस नाही. शाळा आठवीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण गिरणीच्या रात्रपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांवर झालं. समितीच्या पोरांनी सांगितलं, "काका, तुम्ही कामगारांवर बोला." कामगारांवर बोलायचं तर पगार आहे, कंत्राटदार आहे, पुष्कळ विषय आहेत. पण मी आज फक्त एका खोलीवर बोलणार आहे.

आपल्या विहारात दर रविवारी वंदनेला एक मुलगा येतो. मराठवाड्याकडचा आहे. आयटीआय झालेला, इथे एमआयडीसीत कंत्राटावर लागलाय. त्याला मी सहज विचारलं, "बाळा, राहतोस कुठं?" तो म्हणाला, "काका, लॉजवर." मला वाटलं, नवा असेल, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट. तर म्हणाला, "सहा महिने झाले."

सहा महिने लॉजवर! तिघं पोरं एका खोलीत. दिवसाचे पाचशे रुपये, म्हणजे महिन्याचे पंधरा हजार. तेवढ्यात सुप्यात चांगलं घर भाड्याने मिळेल. शिवाय लॉजवर स्टोव्ह लावायचा नाही, कॉइल लावायची नाही, म्हणजे दोन वेळचं जेवण हॉटेलात. कपडे खिडकीच्या गजाला वाळत. रात्रपाळी करून आलं की दिवसा हायवेच्या गोंगाटात झोपायचं. आणि लग्नाची तारीख असली, की रांजणगावच्या गणपतीला अंगारकीची गर्दी झाली की लॉजवाला म्हणतो, "दोन दिवस खोली मोकळी करा, गिऱ्हाईक आहे." मग पोरांच्या बॅगा काउंटरखाली आणि पोरं कुणा मित्राच्या अंगणात.

मी म्हटलं, "अरे, खोली का बघत नाहीस?" तर त्याने सात खोल्यांचा हिशोब सांगितला. फोनवर सगळीकडे "या, बघून जा." गेल्यावर पाणी दिलं, खोली दाखवली, भाडं सांगितलं. मग प्रश्न : गाव कोणतं? आडनाव काय? आडनावावरून कळलं नाही तर, "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" त्यानंतर कुणाच्या घरात म्हातारी आहे, तिला चालत नाही. कुणाचा भाऊ पुण्याला आहे, त्याला विचारून सांगतो. कुणाचा पाहुणा कालच ठरवून गेला. सातही जागी कुणी वाईट शब्द बोललं नाही. सगळे गोड बोलले. खोली मात्र एकानेही दिली नाही.

बंधूंनो, ही गोष्ट ऐकताना मला बडोदा आठवलं. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण ती भाड्याच्या खोलीची गोष्ट आहे हे आपण विसरतो. १९१७ साल. बाबासाहेब अमेरिका आणि लंडनहून शिकून आले होते. संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. वय सव्वीस. पण राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात जागा नाही. शेवटी एका पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी. बाबासाहेबांनीच तोड काढली, वहीत पारशी नाव लिहायचं. भाडं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाजूला अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, बोलायला माणूस नाही. संस्थानचा बंगला मिळेल या आशेवर त्यांनी तिथे दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही ती पुस्तिका, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापली. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी आणावी. एवढा शिकलेला माणूस खोटं नाव लिहून सराईत राहिला, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणून मलाही माझी गोष्ट सांगायचा धीर होतो.

आमच्या पारनेर तालुक्याला पाऊस कमी. त्यामुळे मुंबई म्हणजे आमचा जणू दुसराच तालुका. माझे वडील गिरणीत होते. गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात राहायचे. भिंतीला ओळीने ट्रंका. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीवर झोपायची. खायला खानावळ. गर्दी पुष्कळ, हाल पुष्कळ. परंतु तो गाळा आपला होता. आजारी पडलं तर उशाशी कुणीतरी चहा आणून ठेवायचं. गावाहून कार्ड यायचं ते बरोबर त्या पत्त्यावर यायचं. बाबासाहेब स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिले. चाळीने आपल्याला संडासाची रांग दिली तशी संघटनाही दिली. जयंती दिली, वाचनालय दिलं. लॉजमधून काय उभं राहणार? तिथे शेजारी रोज बदलतो.

मीही त्याच गाळ्यातून गिरणीत लागलो, आधी बदली म्हणून, मग कायम. पुढे गिरणी बंद पडली. २००१ साली पुण्याच्या बाजूला एका मिलमध्ये काम मिळालं. बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर. चार आठवडे आम्ही लॉजवर काढले. जवळचे पैसे संपत आले. मग एका घरमालकाला मी खोटं आडनाव सांगितलं. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. बायकोला बजावलं, नळावर जास्त बोलू नकोस, माहेरचं गाव सांगू नकोस. चौदा एप्रिल आली. घरात मेणबत्ती लावली नाही. मुलीने विचारलं, "पप्पा, या वर्षी बाबांचा वाढदिवस नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही ती खोली आपण होऊन सोडली. मालकाने आम्हाला काढलं नाही. त्या प्रश्नाने काढलं.

आज पोरं म्हणतील, काका, तो जुना जमाना. जुना नाही. प्राध्यापक सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली भागात पाहणी केली, ती २०१५ साली छापून आली. सारख्याच शिक्षणाची, सारख्याच पगाराची माणसं भाड्याने घर मागायला लावली, फरक फक्त नावाचा. सवर्ण नावाला फोनवर कुणीच नाही म्हटलं नाही. शंभरातल्या १८ दलितांना आणि ३१ मुसलमानांना मात्र फोनवरच नकार.

कायदा आहे. १९५५ चा, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल आहे, धर्मशाळा आहे, सराई आहे, आणि कोणत्याही वस्तीत राहायला घर घेणंही आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने त्यात आडवं येणं हा गुन्हा आहे. म्हणून लॉजचं दार आज उघडलं. तिथे आधार कार्ड दाखवलं, पैसे भरले की चावी मिळते. घराचं दार मात्र "विचारून सांगतो" या दोन शब्दांनी बंद होतं, आणि हे दोन शब्द कोणत्याही कलमात सापडत नाहीत.

आता लॉजमध्ये राहून काय जातं ते बघा. लॉजच्या पावतीवर गॅसचं कनेक्शन नाही. रेशन नाही. मतदार यादीत नाव नाही. लेकरू अंगणवाडीत घालता येत नाही, कारण लेकरू आणि त्याची आई गावाकडेच राहते. त्या मुलाचं गेल्या वर्षी लग्न झालंय. बायको सासरी, हा इथे. महिन्यातून दोन दिवस भेट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण या हायवेवरून पायी चाललेले लोंढे पाहिले. काम बंद झाल्याबरोबर ते का निघाले? कारण ज्या गावात राबत होते तिथे त्यांना 'घरी थांबा' म्हणायला घरच नव्हतं. त्याच वर्षी सरकारने भाड्याच्या घरांची योजना काढली. २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहांसारखी भाड्याची घरं बांधायचं जाहीर केलं. आपल्या एमआयडीसीसाठी ती मागितली पाहिजेत, निवेदन दिलं पाहिजे. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत पोरांनी काउंटरखाली बॅगा ठेवायच्या का?

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगायला जड जाते. मी सुप्यात दोन खोल्या बांधल्या. भाड्याने द्यायच्या होत्या. एक मुलगा आला, बिहारचा, मुसलमान. बरोबर बायको, कडेवर पोर. मी खोली दाखवली, भाडं सांगितलं, नाव विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "घरात विचारून सांगतो."

माझ्या बायकोने आतून ऐकलं. ती बाहेर आली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "आपण ट्रंकेत फोटो ठेवला होता, तो यांनी कुठं ठेवायचा?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शोधत स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. तो निघून गेला होता. कुठे, ते लॉजवाल्यालाही माहीत नव्हतं.

बंधू-भगिनींनो, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आता घरं बांधलीत, वर मजला चढवलाय. खोल्या आहेत. मी समितीपुढे साधी मागणी ठेवतो. विहारात एक वही ठेवा. ज्याच्याकडे खोली रिकामी असेल त्याने तिच्यात लिहावं, आणि ज्याला हवी त्याने येऊन बघावं. आपलीच पोरं नाही, कोणीही. करार लेखी करा आणि नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्या कागदावर भाडेकरूची पुढची कामं होतात. विचारायचं तर काम कुठे करतो, भाडं कधी देणार, माणसं किती, एवढंच विचारा. आणि कुणा पोराला तोंडावर जातीवरून नकार मिळाला तर त्याला एकट्याला परत पाठवू नका. दोन माणसं बरोबर जा, बोला. तरीही ऐकलं नाही तर पोलीस ठाण्यात जा.

वहीत पहिलं नाव माझं लिहा. दोन खोल्यांपैकी एक रिकामी आहे. मघाशी सांगितलं तो मुलगा मागे बसलाय. बाळा, कार्यक्रम झाल्यावर चावी घेऊन जा, आणि सुनेला गावाहून घेऊन ये.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!