दाब चढलेला, रक्त उतरलेले

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एखाद्या डॉक्टराने व्यासपीठावर येऊन व्याधींची चर्चा करावी, हे काहींना रसभंगाचे वाटेल. परंतु ज्या मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात आपल्या माणसांची विचारपूस केली, तेथे प्रकृतीची विचारपूस अस्थानी ठरू नये.

आजचा विषय रक्तदाब आणि रक्तक्षय या जोडीचा आहे. दोन्ही व्याधींच्या अभ्यासात मुंबईचे नाव आदराने घेतले जाते. १९२८ साली मुंबईस आलेल्या डॉ. लुसी विल्स या इंग्रज विदुषीने गिरणीकामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा मागोवा घेतला आणि यीस्टच्या अर्कात त्यावर उतारा शोधला. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेले. १९४९ साली मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक लाभले. या दोघांनी एकेक शत्रू ओळखला. हे दोन्ही शत्रू एकाच देहात शिरतात तेव्हा काय घडते, ते मला सांगावयाचे आहे.

रक्तदाबाचा वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि त्याबरोबर छातीत कळ, धाप, बोबडी वळणे, एक अंग लुळे पडणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही दिसले, की क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. अशा चढलेल्या दाबाने तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांच्या पाहणीत असे आढळले आहे की, ज्यांचे हिमोग्लोबिन कमी, त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाण अधिक.

याची कारणमीमांसा अवघड नाही. वर्षानुवर्षे दाबाविरुद्ध झुंजून हृदयाचे स्नायू जाड होतात. त्यांना प्राणवायू अधिक लागतो. रक्तक्षयात नेमका तोच पुरवठा आटतो आणि तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने राबावे लागते. दुसरे कारण मूत्रपिंडांचे. रक्तपेशी घडविण्याची आज्ञा देणारे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडांत तयार होते. मूत्रपिंडे खंगली की दाब चढतो आणि रक्त उतरते. म्हणून रक्तक्षय हा कधी गुन्हेगार असतो, तर कधी दुसऱ्याच गुन्ह्याचा साक्षीदार. नुसते रक्त चढविल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. घाईने चढविलेल्या रक्ताने दाब आणि हृदयावरील भार वाढूही शकतो. मूळ शोधणे हेच महत्त्वाचे.

‘आमच्या घरी हे कोठून येणार?’ असे कोणी म्हणू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के, तर कर्नाटकात सुमारे ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या घरातील गृहिणी सर्वांच्या शेवटी जेवते आणि थकव्याला वय समजते. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ च्या खाली गेले, तर तो रक्तक्षयच होय.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली : रक्तदाब मोजाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या, दाब चढा आणि रक्त कमी दिसले, तर लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन पाहण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा. दुसरी : गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांतील पुष्कळशा गोळ्या दाब वाढवितात, मूत्रपिंडांना इजा करतात आणि जठरातून नकळत रक्तस्राव घडवितात. तसेच वडीलधाऱ्या पुरुषाला रक्तक्षय झाला, तर लोहाची गोळी देऊन स्वस्थ बसू नका. रक्त कोठे झिरपते आहे, याचा शोध घ्या. तिसरी : दाब चढला म्हणून घरच्या घरी जिभेखाली गोळी ठेवून तो एकदम उतरवू नका, मेंदूचा रक्तपुरवठा अकस्मात घटणे घातक ठरते. चौथी : बंगळुरात आल्यावर फिल्टर कॉफी आपण आनंदाने स्वीकारली, ते योग्यच झाले, परंतु जेवणाबरोबर घेतलेली कॉफी वा चहा अन्नातील लोहाला अडथळा करतात. त्यांना तासभर थांबू द्या. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा आणि लोणचे-पापडांना आवर घाला.

शेवटी एक विनंती. साताऱ्याहून वा कोल्हापुराहून आईवडील मुलांकडे राहावयास येतात, तेव्हा ट्रंकेत चटण्या असतात, लाडू असतात. जुने तपासणीचे कागद मात्र गावीच राहतात. अपरात्री, परक्या भाषेच्या इस्पितळात, ‘यांचे पूर्वीचे हिमोग्लोबिन किती होते?’ या प्रश्नावर मुलगा निरुत्तर होतो. रक्तक्षय जुना की आजचा, हे त्या कागदावाचून डॉक्टरांना कळणे कठीण. ते कागद आणि चालू औषधांची यादी त्यांच्याबरोबर आणवा. मंडळानेही वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्यांचे शिबिर भरवावे, असे मी सुचवितो.