आधी घरचे, मग दारचे?



स्वागताध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की आपला समाज मुळातच उदार. टाळ्याही पडल्या. पण आपल्याच ज्ञातिमंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पहिला रकाना पोटजातीचा आहे आणि मुलाचं नाव त्याच्या खाली. उदारपणा कुठं अडतो ते शोधायला लांब जायला नको.

‘आधी घरचे, मग दारचे’ असं सकाळपासून चार वक्ते म्हणाले. म्हणणं वाईट नाही. तक्रार एवढीच, की दारच्यांची पाळी यायला घरचे कधी संपतच नाहीत.

महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झकास. तळ्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, गुरंढोरंही पाणी पीत; ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांची ओंजळ तेवढी कोरडी. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तिथं गेले, पाणी प्यायले, तेव्हा कुठं त्या कागदाला पाणी लागलं. मग? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली. परतणाऱ्या माणसांना, बायाबापड्यांना लाठ्या बसल्या. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ झालं. ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडला.

इथं कुणाच्या मनाला आपोआप पाझर फुटला नव्हता. बाहेर ठेवलेल्या माणसानं पाण्यात हात घातला आणि आतल्यांना ठरवावं लागलं, लाठी उचलायची की बाजूला सरायचं. उदारपणाचं श्रेय वाटून घेणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये.

बाजूला सरण्यापलीकडे जाणारेही होतेच. आतल्यांतलेच सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे बाबासाहेबांसोबत राहिले. १९२७च्याच डिसेंबरात महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणानं. त्या परिषदेला जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं जमीन दिली. आपापल्या जातभाईंत त्यांचं कौतुक झालं असेल, असं इथल्या अनुभवावरून तरी वाटत नाही.

आणि फुले दांपत्य! ज्या वर्गातल्या कर्मठांनी त्यांच्या शाळांना विरोध केला, त्याच वर्गातल्या फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या काशीबाईचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. उचललेल्या रुग्णाची पोटजात विचारायला त्यांना सवड नव्हती.

त्यांच्या तसबिरीला मघाशी हार घातला, तो घालणाऱ्यांनी दुपारच्या सभेला थांबावं. जेवणानंतर वधू-वर परिचय आहे, गर्दी तिथं होणार हे ठाऊक आहे. पण त्याआधी शिष्यवृत्तीच्या अर्जातून पोटजातीचा आणि जातीचा, दोन्ही रकाने काढण्याचा ठराव येतो आहे. सूचक म्हणून अध्यक्षांची सही झाली आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.