क्षणभंगुर मेसॉन

मांजरीच्या स्टेशनवर तुम्ही पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे आहात, अशी कल्पना करा. तळहात आडवा धरा. दर सेकंदाला म्यूऑन नावाचा एखादा कण त्यातून आरपार जातो. ना टोचणी, ना खूण! हा पाहुणा येतो कोठून?

अंतराळातून आलेला वेगवान प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजनच्या अथवा ऑक्सिजनच्या अणुगर्भावर आदळतो. अणुगर्भ फुटतो, एवढेच नव्हे. टकरीच्या ऊर्जेतून पूर्वी नसलेले कण जन्मास येतात. त्यांत पाय-मेसॉन पुष्कळ. विद्युत्भारित पाय-मेसॉनचे आयुष्य किती? एका सेकंदाचे चार कोटी भाग करा. त्यांतला जेमतेम एक. तेवढ्यात तो मोडतो आणि मागे म्यूऑन व न्यूट्रिनो ठेवतो. पूर्वी म्यूऑनलाही मेसॉनच म्हणत. आज तो मेसॉनांत मोडत नाही.

मी गणिताचा प्राध्यापक. एकदा हे आकडे उदाहरणादाखल फळ्यावर लिहिले, तेव्हा मांजरीहून रोज गाडीने येणारा एक विद्यार्थी उठला. "सर, म्यूऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तो सुमारे 660 मीटर जाणार. जन्म तर दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर. मग आमच्या गावी पोचतो कसा?"

खरे सांगतो, इतकी वर्षे हे आकडे मी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते!

उत्तर मुंबईत जन्मलेल्या डॉ. होमी भाभांच्या 1938 सालच्या टिपणात होते. असा मोडणारा कण म्हणजे एक घड्याळच. तो धावत असला की सापेक्षतेच्या नियमाने त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसले पाहिजे. 1941 साली रॉसी आणि हॉल यांनी निरनिराळ्या उंचींवर कण मोजून हे पडताळले. वेगवान म्यूऑनचे आयुष्य तीस-चाळीसपट लांबते; मग वीस किलोमीटरही जड नाहीत. 'मेसोट्रॉन'ऐवजी 'मेसॉन' हे सुटसुटीत नाव 1939 साली सुचवले तेही भाभांनीच.

"म्हणजे त्याचे घड्याळ मागे पडते?" त्याने विचारले.

"अरे, त्याच्यापुरते ते बरोबरच चालते. त्याला उलट आपली हवाच अर्ध्या किलोमीटरएवढी पातळ भासते. दोघांचा हिशेब एकच. तो मांजरीला पोचतो!"

तेव्हापासून शंका विचारणाऱ्याला मी "खाली बस" म्हणत नाही.