पाटाच्या कडेने माहेराला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलायची माझी ही पहिलीच खेप. हळदीकुंकवाच्या दिवशी दोनशे जणींचा चहा सांभाळणे मला सोपे जाते, पण बोलणे अवघड. शिक्षण सातवीपर्यंतचे. कुठे शब्द चुकला तर पदरात घ्या.

गेल्या पौषात आपल्या मंडळातल्या आम्ही चौघी सायकलींवरून माझ्या माहेरी जाऊन आलो. माझे सासर दौंड, माहेर शिरूर तालुक्यात इनामगावच्या शेजारी, घोडनदीच्या काठी. एसटीने गेले तर दोन तासांच्या आत-बाहेरचे अंतर. आम्हाला तीन दिवस लागले. "वाट चुकलात का गं?" असे कितीतरी जणींनी विचारले, म्हणून चिटणीसबाई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगून टाका.

आधी थोडे मागचे सांगते. आमच्या गावाला शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर, आणि त्या वेळेला जायला एसटी नव्हती. दादाची सायकल होती. ती मी घोडच्या उजव्या पाटाच्या भरावावर शिकले. सीटवर पाय पुरत नव्हते, तेव्हा मधल्या दांड्याखालून पाय घालून, वाकडी होऊन चालवायची. सातवीला बरे गुण पडले. गुरुजी घरी आले, म्हणाले, पोरीला सायकलवर पाठवा. वडील म्हणाले, "माझी पोरगी सायकलवर बसून वेशीतून जायची नाही." तेवढ्यावर माझी शाळा संपली. पुढे लग्न झाले, मुले झाली. वडिलांवर माझा राग नाही असे मी सगळ्यांना सांगत आले. ते खरे नव्हते.

मुलगी पुण्याला कॉलेजला गेली आणि तिची सायकल मागे पडवीत राहिली. एक दिवस पहाटे मी ती बाहेर काढली. अठ्ठावीस वर्षांनी. दोनदा पडले, एकदा तर भाजीवाल्याच्या पाटीवरच गेले. त्याची मेथी मला विकत घ्यावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "या वयात मोडलेली हाडे जुळत नाहीत हो." पण दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी त्यांनीच काढून ठेवली होती.

पाटाकडेने जायची कल्पना मात्र माझी नव्हे. माझी भाची फ्रान्स देशात तुलूझ गावी असते. तिथे एक जुना कालवा आहे, त्याला कनाल द्यू मिदी म्हणतात. लांबी दोनशेचाळीस किलोमीटर. रिके नावाच्या माणसाने तो १६६६ मध्ये खोदायला घेतला आणि १६८१ मध्ये तो पुरा झाला. रिके बिचारा आदल्याच वर्षी वारला. मालाच्या होड्या काठावरून घोडे ओढत नेत, म्हणून पाण्याच्या कडेने सपाट वाट ठेवलेली. आता घोडे गेले आणि त्या वाटेवर लोक सायकली घेऊन फिरतात. साठ-सत्तर वर्षांच्या आजीबाईसुद्धा! घाई नाही. वीस किलोमीटर जायचे, झाडाखाली बसून खायचे, जवळच्या गावात मुक्काम. दोन्ही काठांना मोठमोठी झाडे होती, पण २००६ पासून त्यांना रोग लागून हजारोंनी तोडावी लागली, असे भाची सांगत होती. तिचे फोटो पाहताना माझ्या मनात आले, अगं, आपल्याकडेही पाट आहे आणि पाटाला भराव आहे. त्यांची वाट घोड्यांसाठी होती, आपली पाटकऱ्यासाठी. माझ्या लहानपणी चारीचे दार उघडायला येणारा पाटकरी सायकलवरूनच यायचा.

पहिल्या दिवशी ऊन पडल्यावर निघालो. पाटसपर्यंत नेहमीचा रस्ता. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्या डुलत अंगावर येतात. तो टप्पा आम्ही जीव मुठीत धरून काढला. पुढे मुठेच्या उजव्या कालव्याच्या भरावावर चढलो आणि एकदम आवाज बंद झाला. रब्बीचे आवर्तन चालू होते, पाणी काठोकाठ. पाण्याची चाल आणि आमची चाल सारखीच. एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा गोड वास. एका गुऱ्हाळावर आम्हाला गरम काकवी मिळाली, भाकरीशी खाल्ली. पैसे घेईनात.

या पाटाची हकिगत मला थोडी ठाऊक होती, थोडी वाचून काढली. खडकवासल्याचे धरण इंग्रजांच्या वेळी १८७९ मध्ये पुरे झाले आणि तिथला पाट आपल्या दौंड तालुक्यात आला. नाथाचीवाडीजवळचा माटोबा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळी कामातला. तो आम्ही दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून पाहिला. त्या बांधावर बसून आमच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "ही माती बायकांनीच डोक्यावरून वाहिली असेल. पोरे बांधावर निजवून." १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटले, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. त्यानंतरचा नवा उजवा कालवा दोनशेदोन किलोमीटरचा, थेट इंदापूर तालुक्यापर्यंत गेलेला.

वाट मात्र सगळीकडे नीट नाही, हे सांगितले पाहिजे. मध्येच वेड्या बाभळींनी भराव गिळलेला. काट्यांनी पहिल्याच दिवशी तीन पंक्चर झाली. सोल्युशन, ठिगळे आणि हवेचा पंप मुलीने बांधून दिला होता, आणि ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे कुठे येतात ते पाहायलाही शिकवले होते. चौघींनी मिळून पहिले पंक्चर काढायला पाऊण तास लागला. तिसऱ्याला पंधरा मिनिटे. पाटाच्या कडा गुळगुळीत, पाण्याला ओढ. हातपाय धुवायलासुद्धा आम्ही आत उतरलो नाही. आणि शिरूरकडे उसात बिबट्या आहे, तेव्हा दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचाच, हा नियम आम्ही मोडला नाही.

पहिली रात्र केडगावला, एकीच्या चुलतबहिणीकडे. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचे गाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली, बाया तिथे आणून सांभाळल्या. त्यांना लिहा-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवले. १९२२ मध्ये त्या तिथेच वारल्या. सकाळी मुक्ती मिशनच्या दारावरून जाताना मला माझे गुरुजी आठवले. अशा बाई आमच्या गावाजवळ असत्या तर, असे उगीच मनात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी माटोबा तलाव पाहून वाळकीच्या संगमावर गेलो. पलीकडे रांजणगाव सांडस. इथे मुळा-मुठा भीमेला मिळते. संगम म्हटला की आपण हात जोडतो. आम्हीही जोडले, पण जवळ जायला पाय उचलेना. पाणी काळपट, वर जलपर्णीचा हिरवा थर, आणि वास असा की डबा उघडवेना. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून इथे येते. भगिनींनो, मुलगी पुण्याच्या ज्या खोलीत भांडी घासते, तिथले पाणी अखेर याच वाटेने येते, आणि हीच भीमा पुढे आपल्या दौंडच्या पुलाखालून जाते. एसटीच्या खिडकीतून नदी नुसती एक पट्टी दिसते. सायकलवरून तिचा वास येतो. तिथे आम्ही चौघी बराच वेळ काही बोललो नाही. मग पारगावचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरलो आणि न्हावऱ्याला मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशी माझी घोडनदी. चिंचणीचे धरण १९६५ चे. त्याचा डावा पाट श्रीगोंद्याकडे जातो, उजवा आमच्या बाजूला. इनामगावची पांढर लागली तेव्हा मैत्रिणींना सांगितले, इथे थांबा. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उकरले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली, जव निघाले, मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी निघाली, आणि नदीच्या पुराचे पाणी शेताकडे न्यायला खोदलेला पाटही निघाला! आमच्या गावच्या माणसांना खोदकामावर रोज मिळे, म्हणून वडिलांना ही सगळी हकिगत पाठ. लहानपणी मी ती गोष्ट म्हणून ऐकायची.

तिथून गाव जवळच. ज्या भरावावर मी सायकल शिकले त्याच भरावावरून आम्ही आलो. वेशीपाशी माझे पाय लटपटले, हे कबूल करते. उतरून सायकल हातात धरून जावे असेही वाटले. मैत्रीण मागून म्हणाली, "उतरू नकोस हं." वेशीतून बसूनच गेले. पारावर चार म्हातारे होते. एकाने विचारले, "कुणाच्या गं तुम्ही?" मी वडिलांचे नाव सांगितले.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओट्यावर बसले होते. मला पाहिले, मग सायकल पाहिली. "दौंडहून?" म्हणाले. मी म्हटले, "पाटाच्या कडेने." ते काही बोलले नाहीत. वहिनीने पाणी आणले, गूळ आणला. आम्ही आत चुलीपाशी बसलो, तोवर बाहेर फस्स-फस्स असा आवाज येऊ लागला. पाहते तो वडील दादाचा जुना पंप घेऊन खाली वाकलेले. मला म्हणाले, "मागच्या चाकात हवा कमी होती. अशाने ट्यूब कापते." मग पुढचे चाक दाबून पाहिले आणि त्यातही भरली.

परत निघताना त्यांनी विचारले, पुन्हा कधी येणार. मी म्हटले, उन्हाळी आवर्तन सुटले की. या खेपेला कोणकोण येणार त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. सायकल येत नसेल तर रोज पहाटे साडेपाचला मी मैदानावर असते. मेथीचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे.