फुकट उपचाराचा खर्च



शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याच्या एखाद्या बाईच्या स्तनात गाठ निघाली, की घरात पहिला प्रश्न येतो पैशाचा. त्याला आज बरे उत्तर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. ऑपरेशन, केमो, शेक, सगळे त्यात येते.

पण योजना हाती लागते ती निदानाचा कागद मिळाल्यावर. त्याआधी सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गाठीचा तुकडा तपासणे खासगीत करावे लागले, तर उसनवारी तिथूनच सुरू होते. पुढे केमो, बहुधा दर 3 आठवड्यांनी. मग शेक, आठवड्यातले 5 दिवस, असे 3 ते 5 आठवडे. प्रत्येक वेळी पुणे गाठायचे, तेही सोबतीला माणूस घेऊन. म्हणजे घरातले दोन रोज बुडाले. खुरपणीवर, ऊसतोडीवर चालणाऱ्या घराला हाच खर्च मोडून टाकतो आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. दौंडच्या बाईला निदान रेल्वे आहे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना दुसऱ्या वर्गात 75 टक्के सवलतही आहे. शिरूरला रेल्वेच नाही.

जिल्हा रुग्णालयांत 3 वर्षांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उभारू, असे केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. चांगलेच झाले. पण पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंधला, आपल्याकडून अख्खे शहर ओलांडून पलीकडे! शेकाची यंत्रे मोठ्या रुग्णालयातच राहणार, हे मान्य. केमो देण्याची सोय मात्र दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि शिरूरच्या सरकारी रुग्णालयात झालीच पाहिजे.

आणि गाठ लहान असतानाच सापडली, तर हा फेरा पुष्कळ कमी होतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून 20 वर्षे मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर 2 वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले.

तीच तपासणी तिशीपुढच्या बाईसाठी आपल्या उपकेंद्रात मोफत आहे. आशाताई या तपासणीचा फॉर्म भरायला आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखण्याची वाट पाहू नका. घरच्या पुरुषांनो, एक दिवसाचे काम बाजूला ठेवा आणि घरातल्या बाईला घेऊन या आठवड्यातच उपकेंद्रात जा.