स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : निर्णय व निर्वाह
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



ज्या विषयावर आपल्या घरांतून दार लोटून बोलतात, त्यावर येथे बोलण्याची अनुज्ञा मंडळाने दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. २०१६ साली आमचे वजन ११८ किलो होते. मधुमेह जडला होता, रात्री श्वास अडून आम्ही दचकून उठत असू. जठराची शस्त्रक्रिया करावी की नाही, या विचारात सबंध वर्ष गेले. 'तोंडावर ताबा ठेवा, कापाकापी कशाला?' असे आप्त म्हणत. त्यांस दोष कसा द्यावा? आम्हीही वर्षानुवर्षे स्वतःस तेच सांगत होतो. परंतु वजन उतरू लागले की शरीरच भूक वाढविते आणि शक्तीचा व्यय आखडते, हे आता वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे.

किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. हा अंक आशियाई माणसात २७.५ च्या वर असल्यास शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे या शाखेतील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली सांगितले. अंक पुरेसा नव्हे, हे मात्र खरे.

एक कटु गोष्ट बोलणे प्राप्त आहे. लग्न जमत नाही म्हणून मुलीस शस्त्रक्रियेस उभी करणारे पालक आम्हांस भेटले. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हते. मुलीस तर कोणी विचारलेच नव्हते! वधूवर-सूचीकडे पाहून कोणाचे जठर कापू नये.

आमच्या शस्त्रक्रियेत जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्यास जोडली. दीड वर्षात वजन ७८ किलोवर आले, मधुमेहाची औषधे थांबली आणि आम्ही निर्धास्त झालो. चूक तेथेच झाली. लोह, कॅल्शियम, बी-१२ जन्मभर घ्यावयाचे असते, रक्त दरवर्षी तपासावयाचे असते. तिसऱ्या वर्षी आम्ही दोन्ही सोडले. पायांस मुंग्या येऊ लागल्या. जेवण थोडे असले तरी दिवसभर चिवड्याची मूठ अरुंद वाटेनेही सुखरूप उतरत होती! वजन ८७ वर गेले. पुन्हा आहारतज्ज्ञांकडे जाऊन, आधी डाळ-उसळ, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, रोज चालणे, असे करीत ते ८२ वर आणले. आज तेथेच आहे.

आता थोड्याच वेळात पंगत बसेल. आमच्या पानावर वाटीभर उसळ आणि अर्धी पोळी दिसेल. वाढप्यांनी कृपा करून दुसऱ्यांदा वळू नये.